गादी सांभाळली, संघ निसटला : जॉर्जटाऊन बास्केटबॉलचे प्रकरण

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १३ मार्च २०२१ रोजी जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने क्रेटन विद्यापीठाचा ७३-४८ असा धुव्वा उडवून बिग ईस्ट गटाचे विजेतेपद पटकावले. हंगामभर रडतखडत खेळलेल्या आणि स्पर्धेत आठवे मानांकन मिळालेल्या या संघाने चार दिवसांत चार सामने जिंकले होते. प्रशिक्षक होते पॅट्रिक युइंग. हे सभागृह म्हणजे न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाचे घर. त्या संघातली युइंग यांची ३३ क्रमांकाची जर्सी इथल्याच छताला टांगलेली आहे. तरीही त्या आठवड्यात तिथले सुरक्षारक्षक आपल्याला जागोजागी अडवून ओळखपत्र मागतात, अशी तक्रार त्यांनी पत्रकारांसमोर अर्धी थट्टेत, अर्धी रागात केली होती. पुढच्या वर्षी, ९ मार्च २०२२ रोजी, त्याच सभागृहात आणि त्याच स्पर्धेत जॉर्जटाऊन पहिल्याच फेरीत सीटन हॉलकडून ५७-५३ असे हरले. तो त्यांचा सलग एकविसावा पराभव होता. हंगामाचा हिशेब ६ विजय आणि २५ पराभव असा लागला आणि गटातल्या १९ साखळी सामन्यांपैकी एकही त्यांना जिंकता आला नव्हता.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की संघ बारा महिन्यांत कोसळला असे वाटते. प्रत्यक्षात ही पडझड किमान दहा वर्षे चालू होती आणि २०२१ च्या त्या चार दिवसांनी ती फक्त काही काळ झाकली. माझे म्हणणे असे की, एका माणसाने उभे केलेले घराणे पुढे चालवायचे असे जॉर्जटाऊनने ठरवले आणि मग संघ कसा खेळतो यापेक्षा गादीवर कोण बसतो याचीच काळजी अधिक वाहिली. पैसा, बदललेले नियम, फुटलेला गट ही कारणेही खरी आहेत. पण तीच संकटे शेजारच्या विद्यापीठांवरही आली होती आणि त्यांतली काही तरून गेली.

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हटला की स्नेहसंमेलनाच्या आधीचा आठवडा आणि आंतरमहाविद्यालयीन करंडक एवढेच डोळ्यांसमोर येते, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ वीस-वीस हजार प्रेक्षकांच्या बंदिस्त मैदानांत खेळतात, त्यांचे सामने दूरचित्रवाणीवर विकले जातात आणि प्रशिक्षक हा बहुधा विद्यापीठातला सर्वाधिक पगाराचा माणूस असतो. विद्यापीठे आपापल्या गटांत साखळी सामने खेळतात आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा होते. सध्या तिच्यात ६८ संघ असतात, चार विभागांत प्रत्येकी १ ते १६ अशी मानांकने दिली जातात आणि एकदा हरले की परतीची वाट धरावी लागते. शेवटी उरलेल्या चौघांना ‘फायनल फोर’ म्हणतात. खेळाडू विद्यार्थी असल्यामुळे चार वर्षांपेक्षा फार काळ कोणी टिकत नाही, म्हणजे प्रशिक्षकाला संघ सतत नव्याने भरावा लागतो. या धंद्यातले खरे कौशल्य डावपेचांपेक्षा या भरतीत आहे.

थॉम्पसन यांनी काय बांधले

१९७१-७२ च्या हंगामात जॉर्जटाऊनने ३ सामने जिंकले आणि २३ गमावले. वॉशिंग्टनमधले हे जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे जुने, प्रतिष्ठित आणि बहुतांशी गोऱ्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ. त्याच्या भोवतीचे शहर मात्र बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे. १३ मार्च १९७२ रोजी विद्यापीठाने त्याच शहरातल्या सेंट अँथनी हायस्कूलचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांना नेमले. सहा फूट दहा इंच उंचीचे हे गृहस्थ बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघात बिल रसेल या दिग्गज खेळाडूच्या मागे राखीव खेळाडू म्हणून दोन हंगाम खेळले होते. त्यांनी हायस्कूलमधली आपली मुले सोबत आणली आणि मेरी फेनलन या पूर्वाश्रमीच्या जोगिणीलाही आणले. त्या शिक्षिका होत्या. खेळाडूंच्या अभ्यासाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि सामन्याच्या वेळी त्या प्रशिक्षकांच्या बाकावरच बसत. थॉम्पसन यांच्या टेबलावर हवा गेलेला एक बास्केटबॉल असे. चेंडूतली हवा एक दिवस जाणारच, तेव्हा हातात काय उरेल याचा विचार करा, हे मुलांना सांगण्यासाठी तो ठेवलेला होता. त्यांच्याकडे चार वर्षे पूर्ण केलेल्या ७७ खेळाडूंपैकी ७५ जणांनी पदवी मिळवली.

हे सगळे सुखासुखी झाले नाही. १९७५ च्या हिवाळ्यात संघ सलग हरू लागला, तेव्हा विद्यापीठाच्या मॅकडोनो व्यायामशाळेत सामना सुरू होताना खिडकीतून एक चादर सोडण्यात आली. तिच्यावर थॉम्पसन यांच्या वर्णावरून शिवी होती आणि त्यांना हाकला अशी मागणी होती. त्याच हंगामाच्या शेवटी हा संघ १९४३ नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला. थॉम्पसन यांनी आपल्या मुलांभोवती जी तटबंदी उभी केली, तिचा पाया अशा प्रसंगांत आहे. सराव बंद दाराआड होई आणि पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना अर्धा हंगाम संपेपर्यंत पत्रकारांशी बोलायची मुभा नसे. १९८२ ची अंतिम फेरी न्यू ऑर्लिन्सला असताना संघाचा मुक्काम शेजारच्या राज्यात, मिसिसिपीतल्या बिलॉक्सी गावी होता. वृत्तपत्रांनी या वृत्तीची ‘होया पॅरानोइया’ अशी खिल्ली उडवली (‘होया’ हे जॉर्जटाऊनच्या संघांचे नाव). मला ती खिल्ली अर्धवट वाटते, कारण ज्यांच्यावर शिव्या लिहिलेल्या चादरी टांगल्या जातात त्यांनी दार लावून घेणे हा भ्रम नसतो.

१९७९ मध्ये बिग ईस्ट गट स्थापन झाला, त्याच वर्षी ईएसपीएन ही क्रीडावाहिनी सुरू झाली आणि दोघांनी एकमेकांना मोठे केले. १९८१ मध्ये युइंग आला. पुढच्या चार वर्षांत जॉर्जटाऊन तीनदा अंतिम सामन्यात पोहोचले. १९८२ मध्ये मायकेल जॉर्डन या पहिल्या वर्षाच्या पोराने शेवटच्या क्षणांत मारलेल्या फटक्यामुळे नॉर्थ कॅरोलायना ६३-६२ असे पुढे गेले. उरलेल्या सेकंदांत जॉर्जटाऊनच्या फ्रेड ब्राऊनने चेंडू आपल्याच साथीदाराला समजून प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हातात दिला. थॉम्पसन यांनी भर मैदानात त्याला मिठीत घेतले. १९८४ मध्ये सिअॅटलला ह्यूस्टनवर ८४-७५ असा विजय मिळाला तेव्हा शेवटच्या वर्षात असलेल्या त्याच ब्राऊनला त्यांनी पुन्हा कवटाळले. या पातळीवर राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक होते, आणि ‘पहिले’ असण्याबद्दल कोणी विचारले की त्यांना राग येई, कारण आधीच्यांकडे लायकी नव्हती असा त्या प्रश्नाचा अर्थ होतो, संधी नव्हती असा होत नाही, असे ते म्हणत. १९८५ च्या अंतिम सामन्यात आठव्या मानांकनाच्या व्हिलानोव्हाने २८ पैकी २२ फटके अचूक मारून त्यांना ६६-६४ असे हरवले. त्या वर्षीच्या फायनल फोरमध्ये तीन संघ एकट्या बिग ईस्टचे होते.

युइंग चार वर्षे पूर्ण शिकला, पदवी घेतली आणि मग १९८५ मध्ये, व्यावसायिक संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, न्यूयॉर्क निक्सने त्याला सर्वांत पहिला निवडले. मागाहून अलोन्झो मोर्निंग आणि डिकेम्बे मुटोम्बो हेही शिकूनच गेले. १९९४ मध्ये अॅलन आयव्हर्सन आला. एका हाणामारीच्या खटल्यात तुरुंगवास भोगून आलेल्या या मुलासाठी त्याची आई थॉम्पसन यांच्याकडे गेली होती. १९९६ मध्ये, दोनच वर्षे खेळून, तो व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेला. पदवीच्या आधी शिक्षण सोडून तिकडे गेलेला थॉम्पसन यांचा हा पहिला खेळाडू. चोवीस वर्षांत एकही न गेलेला आणि मग एक गेलेला, या फरकाकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

वारस

जानेवारी १९९९ मध्ये, हंगामाच्या ऐन मध्यावर, थॉम्पसन यांनी राजीनामा दिला. ५९६ विजय, २३९ पराभव आणि राष्ट्रीय स्पर्धेत वीस वेळा प्रवेश, अशी त्यांची शिदोरी होती. जागेवर आले क्रेग एशरिक: थॉम्पसन यांच्याच हाताखाली खेळलेले आणि त्यांचेच दीर्घकाळचे सहायक. त्यांनी २००१ मध्ये संघाला शेवटच्या सोळांत नेले. पुढच्या वर्षी दुय्यम दर्जाच्या एनआयटी स्पर्धेचे निमंत्रण आले तेव्हा प्रवासामुळे वर्ग बुडतील म्हणून विद्यापीठाने ते नाकारले, हा जुन्या शिस्तीचा बहुधा शेवटचा ठसठशीत नमुना म्हणता येईल. २००४ मध्ये १३-१५ (१३ विजय, १५ पराभव) असा हंगाम झाला आणि एशरिक गेले.

मग आले जॉन थॉम्पसन तिसरे, म्हणजे थोरल्या थॉम्पसन यांचे चिरंजीव. ते प्रिन्स्टनमध्ये खेळले होते आणि तिथेच प्रशिक्षक म्हणून त्यांनी नाव कमावले होते, त्यामुळे नेमणूक निव्वळ वशिल्याची नव्हती. २००७ मध्ये त्यांनी संघाला फायनल फोरमध्ये नेले. त्या वाटेवर त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाला जादा वेळेत ९६-८४ असे हरवले. जादा वेळेत कॅरोलायनाला अवघे तीन गुण करता आले. संघात पॅट्रिक युइंग ज्युनियर होता. १९८२ च्या जखमेला बरोबर पंचवीस वर्षे झाली होती, थॉम्पसनांचा मुलगा बाकावर आणि युइंगचा मुलगा मैदानात. याहून गोड योग कोणत्या विद्यापीठाला मिळणार? घसरणीचे बी मला इथेच दिसते. कारण त्या वसंतात विद्यापीठाला जे यश मिळाले ते एका चांगल्या प्रशिक्षकाचे आणि जेफ ग्रीन, रॉय हिबर्ट अशा चांगल्या खेळाडूंचे होते, पण ते रक्ताचे आणि परंपरेचे यश म्हणून स्वीकारले गेले.

पुढची यादी जॉर्जटाऊनच्या कोणत्याही जुन्या प्रेक्षकाला तोंडपाठ असेल. २००८ मध्ये दुसरे मानांकन असताना दहाव्या मानांकनाच्या डेव्हिडसनकडून हार; तिथे स्टीफन करी नावाच्या सडपातळ मुलाने ३० गुण केले. २०१० मध्ये तिसरे मानांकन आणि चौदाव्या मानांकनाच्या ओहायो विद्यापीठाकडून ९७-८३ अशी हार. २०११ मध्ये अकराव्या मानांकनाच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाकडून, २०१२ मध्ये अकराव्याच मानांकनाच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाकडून. आणि २०१३ मध्ये, दुसरे मानांकन असताना, पंधराव्या मानांकनाच्या फ्लोरिडा गल्फ कोस्टकडून ७८-६८. ते विद्यापीठच मुळी १९९७ मध्ये उघडले होते. जॉर्जटाऊनमध्ये आयव्हर्सन येऊन गेल्यानंतर.

या पराभवांचे खापर पुष्कळांनी प्रिन्स्टनच्या संथ, नेमक्या पासांच्या शैलीवर फोडले: कमी वेगाच्या सामन्यात दुबळ्या संघालाही शेवटपर्यंत आशा राहते, असा तो युक्तिवाद. तो मला पुरता पटत नाही. ओहायोने ९७ गुण केले त्या सामन्याला संथ म्हणणे कठीण आहे, आणि एकेका सामन्याच्या बाद फेरीत नशिबाचा वाटा मोठा असतोच. खरा प्रश्न सामन्यांच्या निकालांत नव्हता, तो त्यांच्यानंतर काय झाले यात आहे. पाच वेळा तोच धक्का बसूनही कोणी बाहेरचा माणूस बोलावून भरती, सराव, सहायकांची निवड यांची झडती घेतल्याचे दिसत नाही. कशी घेणार? प्रशिक्षक संस्थापकाचा मुलगा आणि संस्थापक स्वतः सामन्यांना हजर. अशा घरात मोठ्याने बोलायला कोण धजावतो?

एकाच शेतातले दोन पीक

२०१३ मध्ये मूळ बिग ईस्ट फुटले. अमेरिकन फुटबॉलच्या पैशामागे सिरॅक्यूज आणि इतर मोठी विद्यापीठे दुसऱ्या गटांत गेली. जॉर्जटाऊनसह सात कॅथलिक विद्यापीठे ‘बिग ईस्ट’ हे नाव घेऊन वेगळी झाली, त्यांनी बटलर, क्रेटन आणि झेवियर यांना सोबत घेतले आणि सामने ईएसपीएन सोडून फॉक्सच्या नव्या वाहिनीकडे गेले. सिरॅक्यूजबरोबरचा जुन्या गटातला शेवटचा साखळी सामना जॉर्जटाऊनने ६१-३९ असा जिंकला, वॉशिंग्टनच्या भरलेल्या मैदानात. तसे मैदान पुढे क्वचितच भरले.

या फुटीला घसरणीचे मूळ मानणारे बरेच आहेत. त्यांना उत्तर व्हिलानोव्हा देते. तेही कॅथलिक, तेही बड्या फुटबॉलशिवायचे, तेही त्याच नव्या गटात आणि त्याच वाहिनीवर. आणि त्यांनी २०१६ आणि २०१८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २०१६ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी ज्याने विजयी फटका मारला तो क्रिस जेन्किन्स वॉशिंग्टनच्या गोन्झागा हायस्कूलमधून आलेला. त्याचा साथीदार जॉश हार्ट वॉशिंग्टनच्याच सिडवेल फ्रेंड्स शाळेतला. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलचा मोठा तारा ठरलेला केव्हिन ड्युरंट याच महानगराच्या मेरीलँडकडच्या उपनगरांत वाढला आणि टेक्सासला गेला. डिमॅथा हायस्कूलमधला व्हिक्टर ओलाडिपो इंडियानाला गेला. देशातल्या सर्वांत सुपीक बास्केटबॉल-भूमीत जॉर्जटाऊनचे घर होते आणि पीक दुसरेच कापून नेत होते. थोरल्या थॉम्पसन यांच्या काळात शहरातल्या कृष्णवर्णीय घरांना हे विद्यापीठ आपले वाटे, कारण तशा उंचीचा आणि तशा रंगाचा दुसरा प्रशिक्षक त्यांना कुठे दिसत नव्हता. २०१० नंतरच्या सोळा वर्षांच्या मुलासाठी १९८४ म्हणजे वडिलांच्या तोंडची गोष्ट होती. जेन्किन्सने तो फटका मारला त्या हंगामात जॉर्जटाऊन १५-१८ वर थांबले. पुढच्या हंगामात १४-१८. मार्च २०१७ मध्ये धाकट्या थॉम्पसन यांना काढण्यात आले. विद्यापीठाचे थोरल्या थॉम्पसन यांच्या नावाचे अद्ययावत क्रीडाकेंद्र २०१६ मध्येच उघडले होते; तोवर संघाचा संसार १९५१ च्या मॅकडोनोतच चालला होता.

युइंग

आता तरी बाहेर पाहायला हवे होते. विद्यापीठाने एप्रिल २०१७ मध्ये युइंग यांना आणले. व्यावसायिक संघांत सुमारे पंधरा वर्षे सहायक म्हणून त्यांनी मन लावून काम केले होते, पण मुख्य प्रशिक्षकपद कधी सांभाळले नव्हते आणि कॉलेजात तर प्रशिक्षक म्हणून पाऊलही ठेवले नव्हते. म्हणजे ज्या कामात विद्यापीठ मागे पडले होते, ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना आणि त्यांच्या आयांना पटवण्याचे काम, तेच त्यांनी कधी केलेले नव्हते.

सुरुवात वाईट नव्हती. दुसऱ्या हंगामात १९-१४ झाले आणि गटातला सर्वोत्तम नवखा खेळाडू जेम्स अकिंजो त्यांच्याकडचा होता. डिसेंबर २०१९ मध्ये, हंगाम चालू असताना, तो संघाबाहेर गेला. २०२० मध्ये मॅक मॅकक्लंग टेक्सास टेकला गेला. ३० ऑगस्ट २०२० रोजी थोरले थॉम्पसन वारले. आणि त्यानंतर सहा महिन्यांनी ते चार दिवस आले: मार्केट विद्यापीठ, अव्वल मानांकित व्हिलानोव्हा (७२-७१, डान्टे हॅरिसच्या शेवटच्या दोन फ्री थ्रोंवर), सीटन हॉल, क्रेटन. अंतिम सामन्याची तारीख १३ मार्च, थॉम्पसन यांच्या नेमणुकीला बरोबर ४९ वर्षे. कोणाचा ऊर भरून येणार नाही? राष्ट्रीय स्पर्धेत पुढच्याच शनिवारी कोलोरॅडोने त्यांना ९६-७३ असे झोडपले, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही.

त्याच वसंतात खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि १ जुलै २०२१ पासून आपले नाव आणि छबी वापरून पैसे कमावण्याचीही. सेंटर, म्हणजे टोपलीजवळ खेळणारा उंच खेळाडू, कुडस वहाब मेरीलँडला निघून गेला. नवा हंगाम घरच्या मैदानावर डार्टमथकडून ६९-६० अशा पराभवाने सुरू झाला. डिसेंबरच्या मध्यावर ६-४ असा बरा हिशेब होता, आणि तिथून एकही विजय नाही. मार्च २०२२ च्या सुरुवातीला विद्यापीठाने आपण युइंग यांच्या पाठीशी असल्याचे जाहीर केले. पुढच्या हंगामासाठी त्यांनी इतर विद्यापीठांतून खेळाडूंची जवळपास नवी फळी आणली, वहाबही परतला, म्हणजे नव्या नियमांनी फक्त नेले असे म्हणायला जागा उरली नाही. निकाल ७-२५. गटातल्या साखळी सामन्यांत सलग २९ पराभव झाल्यावर २४ जानेवारी २०२३ रोजी डीपॉलवर ८१-७६ असा विजय मिळाला. ९ मार्चला युइंग यांना निरोप देण्यात आला. ७५ विजय, १०९ पराभव.

कनेक्टिकटचे उदाहरण इथे टोचते. त्यांनीही आपलाच माजी खेळाडू केव्हिन ऑली गादीवर बसवला, त्याने २०१४ मध्ये विजेतेपद दिले आणि मग संघ घसरला. त्यांच्या प्रकरणात नियमभंगाची चौकशीही होती, पण चार वर्षांत त्यांनी दार उघडून ऱ्होड आयलंडहून डॅन हर्ली यांना आणले, आणि २०२३ व २०२४ ची विजेतेपदे त्यांची झाली.

जॉर्जटाऊनने ते दार २०२३ मध्ये, एकावन्न वर्षांनी, उघडले. प्रॉव्हिडन्समध्ये बारा हंगाम काढलेले एड कूली हे १९७२ नंतरचे थॉम्पसन घराण्याबाहेरचे पहिले प्रशिक्षक. पहिल्या वर्षी ९-२३, गटात केवळ दोन विजय. दुसऱ्या वर्षी १८-१६. दुसऱ्या वर्षाच्या त्या संघाचा कणा थॉमस सोर्बर नावाचा पहिल्या वर्षाचा धिप्पाड सेंटर होता. फेब्रुवारीत पायाच्या दुखापतीने त्याचा हंगाम संपला, आणि जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या व्यावसायिक संघाने त्याला पंधराव्या क्रमांकावर निवडले, २०१३ च्या ऑटो पोर्टरनंतर निवडला गेलेला जॉर्जटाऊनचा पहिलाच खेळाडू म्हणून. युइंग चार वर्षे राहिला होता, आयव्हर्सन दोन. सोर्बर जॉर्जटाऊनसाठी एकूण चोवीस सामने खेळला.